पट्टी झाकून डाव बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एक वाचक लिहितात की शाळेत असताना ते बुद्धिबळ खेळत, पुढे खेळ सुटला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गुकेश जगज्जेता झाला, त्या लढतीचे शेवटचे डाव त्यांनी ऑनलाइन पाहिले आणि वेड पुन्हा जडलं. आता मोठ्या स्पर्धांचे डाव ते नेमाने बघतात, पटाशेजारी इंजिनची, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची, कोण किती पुढे आहे ते दाखवणारी पट्टी सुरू ठेवून. स्वतः रोज एक-दोन रॅपिड डाव खेळतात आणि डाव संपताक्षणी इंजिनकडून तपासून घेतात. तरी रेटिंग बरेच महिने १३५० च्या आसपास अडकलंय. ‘पट्टी सुरू असली की सगळं सोपं वाटतं, ग्रँडमास्टर लोकांना एवढी साधी चाल कशी दिसत नाही, असं मनात येतं. पट्टी बंद केली की समोर काय चाललंय तेच कळेनासं होतं,’ असं ते म्हणतात. क्लबातले एक ज्येष्ठ खेळाडू त्यांना सांगतात की इंजिन काढून टाका, त्याने डोकं बंद पडतं. ऑफिसातला मित्र म्हणतो, आजचं बुद्धिबळ म्हणजेच इंजिन. शेजारी बसून डाव बघणारी अकरा वर्षांची लेक हल्ली पटाकडे न बघता पट्टीकडेच बघते. इंजिन सोडावं का, लेकीला द्यावं का, आणि जास्त ताकदीचा संगणक घेतला तर फायदा होईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर:

‘पट्टी सुरू असली की सगळं सोपं वाटतं’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. तुम्ही विचारता, इंजिन ठेवावं की सोडावं. मला वाटतं, त्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत: इंजिन कधी सुरू करायचं, आणि सुरू केल्यावर त्याला काय विचारायचं? आत्ता तुम्ही ते पहिल्या चालीपासून सुरू ठेवता आणि त्याला एकच गोष्ट विचारता, की कोण पुढे आहे. उत्तर लगेच मिळतं, बहुतेक वेळा बरोबर मिळतं, आणि मग तुमच्यासाठी विचार करायला काही उरतच नाही.

एका डावाबद्दल सांगते. १५ नोव्हेंबर २०१४, सोची. कार्लसन आणि आनंद यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव, गुण अडीच-अडीच. कार्लसन पांढऱ्या बाजूने खेळत होता. २६ व्या चालीला त्याने राजा डी२ या घरात नेला आणि ती घोडचूक ठरायला हवी होती. आनंदला घोड्याने ई५ वरचं प्यादं सरळ मारता येत होतं. पांढऱ्याने उलट जी८ वरचा हत्ती मारला असता, तर तोच घोडा सी४ वरचं दुसरं प्यादं शह देत उचलणार होता आणि काळा आपला हत्ती नंतर सावकाश वसूल करणार होता. दोन प्यादी फुकटात. ज्यांच्या पडद्यावर इंजिन सुरू होतं त्या सगळ्यांना हे तत्क्षणी दिसलं. आनंदने मात्र ए४ वर प्यादं ढकललं. संधी गेली, पुढे डावही गेला.

तेव्हाही असंख्य लोकांनी तेच म्हटलं जे तुम्ही लिहिलंय: मला दिसलं, त्याला कसं दिसलं नाही? पण ती चाल आपल्याला दिसली नव्हती, आपल्याला ती दाखवली गेली होती. या दोन्हींत फार मोठं अंतर आहे आणि तुमची सगळी अडचण त्या अंतरात आहे.

पट्टी एकदम उसळते तेव्हा ती दोन बातम्या देते. एक, चांगली चाल कोणती. दुसरी, या क्षणी इथे शोधण्यासारखं काहीतरी आहे. आपलं सगळं लक्ष पहिल्या बातमीकडे असतं, पण खरी किंमत दुसरीची. आनंदच्या कानात कुणी नुसतं ‘इथे जरा थांब’ म्हटलं असतं, तर ती चाल त्याला काही सेकंदांत सापडली असती. चाल अवघड नव्हतीच. अवघड होतं ते हे ओळखणं, की कार्लसनसारखा खेळाडू, इतक्या मोठ्या डावात, इतकी साधी चूक करून बसलाय. पटावर घंटा वाजत नाही. २००६ साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रॅमविरुद्ध खेळताना क्रामनिक तर जगज्जेता होता, आणि स्वतःवर येणारी एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. तोही कुणी हलक्या नजरेचा खेळाडू नव्हे. त्या क्षणी धोका आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

आता तुमचा सराव बघा. मोठे डाव बघताना पट्टी सांगते कुठे थांबायचं. स्वतःचा डाव तपासताना लाल खुणा सांगतात कुठे थांबायचं. कोडी सोडवत असाल तर तिथेही उत्तर असणारच हे आधीपासून माहीत असतं. म्हणजे कुठे थांबायचं हे स्वतः ओळखायचा सराव तुम्हाला दिवसभरात कुठेच मिळत नाही; आणि प्रत्यक्ष डावात नेमकं तेच लागतं. रेटिंग अडकण्याचं हे एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात मी इथून करेन.

दुसरी गोष्ट शून्याची. पट्टी मधोमध असली, ०.०० दिसत असलं, की बघणाऱ्याला वाटतं आता काही उरलं नाही, हस्तांदोलन करून मोकळे होतील. ज्या लढतीमुळे तुमचं वेड परत आलं तिचाच शेवटचा डाव आठवा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. डिंग लिरेन पांढरा. हत्ती, उंट आणि प्याद्यांचा एंडगेम, म्हणजे मोजक्या सोंगट्या उरलेला शेवटचा टप्पा, गुकेशकडे एक प्यादं जास्त. इंजिनच्या हिशेबाने ती बरोबरीच होती आणि बराच वेळ बरोबरीच राहिली. तरी गुकेश खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची बदली देऊ केली. गुकेशने हत्ती मारला आणि मग उंट डी५ वर नेला. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्यामुळे डिंगला उंटांची बदली टाळता येईना. आणि उंटही गेल्यावर नुसत्या राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये ते एक जास्तीचं प्यादं निर्णायक ठरलं. ५८ व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

तो एंडगेम शून्य होता, पण दोघांसाठी सारखा नव्हता. गुकेश कुठलाही धोका न पत्करता हवा तितका वेळ तपासत राहू शकत होता. डिंगला दर चालीला अचूक राहायचं होतं, तेही चार तास थकल्यावर, घड्याळ कमी होत असताना. थकवा, भीती, घड्याळ, समोरच्याचा आत्मविश्वास हे इंजिनच्या आकड्यात येत नाही. दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळ झाला तर काय होईल, एवढंच ते सांगतं. माणसांच्या डावात खरा प्रश्न वेगळा असतो: इथे चूक करणं कुणाला जास्त सोपं आहे? पट्टी बंद ठेवून बघणाऱ्याला हा प्रश्न आपोआप पडतो. पट्टीकडे बघणाऱ्याला तो सुचतही नाही, आणि मग ५५ वी चाल आभाळातून पडल्यासारखी वाटते.

आकड्यांचा अर्थही जरा समजून घ्या. +१ म्हणजे एका प्याद्याइतकी आघाडी, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. स्टॉकफिश या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या इंजिनमध्ये २०२२ च्या अखेरीपासून हा आकडा वेगळ्या पद्धतीने बसवलेला आहे. तिथे +१.०० म्हणजे साधारण असं, की त्या स्थितीतून इंजिनच इंजिनशी खेळलं तर ती बाजू जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. लक्षात घ्या, इंजिनच इंजिनशी. तुमच्या आणि तुमच्यासारख्याच १३५० च्या खेळाडूच्या डावात +१ ने काहीही ठरत नाही, +०.३ ने तर नाहीच. शिवाय चाल झाल्या झाल्या फोनवर जो आकडा दिसतो तो उथळ शोधाचा असतो. इंजिन आणखी खोल गेलं की तो बदलतो. पहिल्या दोन सेकंदांत कुणाला मूर्ख ठरवू नये.

पट्टी म्हणजे तापमापक आहे. ताप किती आहे ते अचूक सांगतं. कशाने आला ते सांगत नाही.

तुमच्या क्लबातले ज्येष्ठ आणि तुमचा मित्र, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मित्राच्या बाजूने बोलायचं तर इंजिनांनी माणसांना खरोखर नव्या गोष्टी शिकवल्या. अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या इंजिनने स्टॉकफिशशी शंभर डाव खेळल्याचं २०१७ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं; २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. त्यातले जे डाव प्रसिद्ध झाले ते बघून मोठे खेळाडू चकित झाले. पटाच्या कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं पुढे पुढे नेऊन समोरच्या राजाचा श्वास कोंडायचा, हा विचार त्यानंतर वरच्या पातळीवर कितीतरी जास्त दिसू लागला. पण तो त्यांना आकड्यातून मिळाला नाही. ‘हे प्यादं इथे गेल्याने नेमकं काय बिघडलं’ यावर डोकं खपवल्यावर मिळाला. ज्येष्ठांच्या बाजूने मी १९९८ ची एक गोष्ट सांगेन. स्पेनमध्ये लिओन इथे कास्पारोव आणि टोपालोव हे दोन अव्वल ग्रँडमास्टर एक सामना खेळले, ज्यात दोघांनाही डाव सुरू असताना संगणक वापरायची मुभा होती. महिनाभर आधी नेहमीच्या रॅपिड सामन्यात कास्पारोवने टोपालोवला ४-० असं हरवलं होतं. संगणक हाताशी आल्यावर निकाल लागला ३-३. दोघांच्या डावपेचांतलं अंतर यंत्राने पुसून टाकलं. तुमच्या बाबतीतही रोज संध्याकाळी हेच होतं: पट्टी सुरू असताना तुमच्यातलं आणि ग्रँडमास्टरमधलं अंतर दिसेनासं होतं. पट्टी बंद केल्यावर जे ‘कळेनासं होतं’, ती तुमची खरी पातळी आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. शिकणं तिथूनच सुरू होतं.

म्हणून काढून टाका असं मी म्हणत नाही. क्रम बदला.

डाव बघताना आधी एकच डाव निवडा आणि एकच बाजू. कोणता निवडायचा हे ठरवायला पट्टी खुशाल वापरा; दहा पटांपैकी कुठे काही पेटलंय हे सांगायला ती उत्तम आहे. डाव उघडला की मात्र झाका. लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर प्रक्षेपण बघताना इंजिन एका बटणाने बंद होतं. व्हिडिओमध्ये पट्टी कायमच असते, तिथे पडद्याच्या कडेला सरळ कागद लावा. मग तुमच्या बाजूच्या खेळाडूची चाल येण्याआधी तुमची चाल लिहा, आणि तिच्यासमोर चार-पाच शब्दांत कारण. ‘घोडा डी५, तिथून हलवता येत नाही.’ एवढं पुरे. क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या, डावांत खेळाडू कधी कधी वीस-वीस मिनिटं विचार करतात. कंटाळा येणारी ही वेळच सगळ्यात मोलाची आहे. एवढा वेळ का लागतोय? कुठल्या दोन गोष्टींत निवड चाललीय? समोरच्याची कुठली चाल त्याला खुपतेय? खेळाडूच्या चालीशी तुमची चाल जुळलीच पाहिजे असं नाही. सुरुवातीला दहात दोन-तीन जुळल्या तरी चांगलं. डाव संपल्यावर खेळाडूंची पत्रकार परिषद असेल तर ती ऐका. कुणाला कशाची भीती वाटत होती, हे तिथे कळतं. सगळ्यात शेवटी इंजिन उघडा आणि तुमचा कागद समोर ठेवून बघा.

रोज हे करता येणार नाही, हे मला कळतं. थकून घरी आल्यावर नुसती मजा म्हणून डाव बघायचा असेल तर पट्टी लावून बघा, त्यात काही पाप नाही. फक्त त्या वेळेला अभ्यास समजू नका. आठवड्यातून एक डाव वरच्या पद्धतीने पाहिलात तरी दोन-तीन महिन्यांत फरक जाणवेल.

आता तुमचे स्वतःचे डाव. माजी जगज्जेता बोट्विनिक तरुण खेळाडूंना आग्रहाने सांगत असे की आपले डाव स्वतः तपासा, त्यांवर टिपा लिहा आणि त्या इतरांनी टीका करावी म्हणून प्रसिद्ध करा. इंजिन नसलेल्या काळातली ही शिकवण आज जास्त उपयोगी आहे, कारण टीका करायला आता चोवीस तास कुणीतरी हजर आहे. पण टीका होण्यासाठी आधी तुमचं काहीतरी लिहिलेलं लागतं. डाव संपल्यावर लगेच ‘विश्लेषण’ दाबू नका. डावातून एकदा स्वतः जा. चार-पाच ठिकाणी थांबा आणि तेव्हा मनात काय होतं ते लिहा: कोण बरं आहे असं वाटत होतं, काय करायचा बेत होता, कशाची धास्ती होती. आकडे नकोत. ‘माझं थोडं बरं’, ‘त्याचा राजा उघडा’, ‘मला काही सुचत नव्हतं’ असंच लिहा.

मग इंजिन. इथे बहुतेक जण एक गोष्ट उलटी करतात. ते लाल खुणांमागे धावतात. घोडा फुकट दिला, तर त्यासाठी इंजिन कशाला? पुढच्याच चालीला कळलंच होतं. तिथे फक्त कारण लिहून ठेवा: घाई, घड्याळ, की समोरच्याची चाल बघितलीच नाही. पंधरा-वीस डावांनंतर ही कारणं एकत्र वाचा. माझा अंदाज, त्यातलं एकच कारण निम्म्याहून जास्त वेळा आलेलं असेल, आणि तुमच्या पातळीवर रेटिंग हलवणारी गोष्ट तीच असते. इंजिनचा खरा उपयोग वेगळ्या जागी आहे. जिथे तुम्ही लिहिलंय ‘माझं चांगलं चाललंय’ आणि ते म्हणतंय -१.५, म्हणजे समोरचा पुढे, तिथे लाल खूण असेलच असं नाही, कारण स्थिती हळूहळू घसरत आलेली असते. ती जागा शोधा. तुमची समज आणि वस्तुस्थिती यांच्यात तिथे भोक आहे. एका डावातून अशी एक जागा मिळाली तरी पुष्कळ. सगळ्या चुका एका बैठकीत शिकायला बसलात तर एकही लक्षात राहत नाही.

जागा सापडली की इंजिनशी भांडा. हे मी अगदी मनापासून सांगते. तुमची चाल त्याला आवडली नाही? पटावर ती खेळा आणि ते काय उत्तर देतं बघा. उत्तर पटलं नाही तर तुम्हाला नैसर्गिक वाटणारी पुढची चाल खेळा. ते पुन्हा उत्तर देईल. पाच-सहा चालींत कुठेतरी एखादी सोंगटी पडेल, किंवा तुमचा उंट सगळ्या बाजूंनी कोंडलेला दिसेल, किंवा तुमच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नसेल. तिथे पोचल्यावर ते मराठीत एका वाक्यात लिहा. ‘उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकला म्हणून’ असं वाक्य तुमच्या हातून उतरलं, तर ती चूक तुमची झाली. आता ती पुढच्या डावात ओळखता येईल. नुसती ‘त्याऐवजी हत्ती ई१’ ही नोंद पुढच्या डावात कुठेच उपयोगी पडत नाही, कारण तीच स्थिती पुन्हा येत नाही.

एक सोय बरेच जण वापरत नाहीत: एकाऐवजी तीन उत्तम चाली दाखवायला सांगणं. पहिल्या तिघींत दहा-वीस शतांशांचाच फरक असेल, तर तिथे कोणतीही समंजस चाल चालते. स्वतःला कोसत बसू नका. पण पहिली चाल ०.०० आणि दुसरी थेट -३ असेल, तर ती स्थिती दोरीवरची आहे, तिथे एकच चाल जगवते. आपण अशा जागी किती वेळा येतो, आणि आलोय हे आपल्याला कळतं का, हे बघणं एका आकड्यापेक्षा कितीतरी बोलकं आहे. तसंच लिचेसच्या विश्लेषण-पटावर समोरच्याचा धोका दाखवण्याची सोय आहे: आपण चालच केली नाही तर तो काय करेल, ते दिसतं. डाव बघताना मध्येच ‘काहीच कळत नाही’ असं झालं, तर उत्तम चाल न विचारता हा धोका विचारा. त्यानंतरचा विचार तुमच्याकडेच राहतो. आपल्या डावातल्या चुकांवर एकेक करून थांबून ‘याहून बरी चाल शोधा’ असं विचारणारी सोयही तिथे आहे, तीही चांगली.

ओपनिंगबद्दल, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींबद्दल, फार बोलत नाही. किंग्ज गॅम्बिटसारखी प्यादं देऊ करणारी सुरुवात खेळलात तर इंजिन तिसऱ्या-चौथ्या चालीलाच नाक मुरडेल. मुरडू दे. तुमचे डाव तिथे हरले जात नाहीत. सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरलेल्या एंडगेममध्ये मात्र इंजिनपेक्षाही एंडगेमच्या कोशाला विचारा. तिथे जिंकतो, हरतो की बरोबरी हे अंदाजाने नाही, पूर्ण मोजून ठेवलेलं आहे. राजा आणि प्याद्याचे छोटे एंडगेम त्याच्या मदतीने शिकलात तर सिंगापूरच्या त्या डावाचा शेवट पट्टीशिवाय समजेल.

तुम्ही ‘अचूकता ८७ टक्के होती तरी हरलो’ असंही लिहिलंय. तुमच्या चाली इंजिनच्या चालींच्या किती जवळ होत्या ते सांगणाऱ्या त्या टक्क्यांना फार मान देऊ नका. समोरच्याने लवकर वजीर गमावला की पुढच्या चाली सोप्या असतात आणि टक्के चढतात. दोघांनी जीव तोडून गुंतागुंतीचा डाव खेळला की टक्के उतरतात. कमी टक्क्यांच्या त्या डावात तुम्ही बहुधा जास्त शिकलेले असता.

लेकीबद्दल. गुकेशच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला इंजिनापासून दूर ठेवलं होतं, हे तुम्ही वाचलं असेल. त्यावरून नियम बनवायची गरज नाही. त्याच्याच पिढीतली बहुतेक मुलं इंजिन वापरत मोठी झाली. पण अकरा वर्षांच्या मुलीची नजर अजून घडतेय, आणि आत्ता ती पटाऐवजी पट्टीवर घडतेय. तिच्यासोबत बघताना पट्टी पूर्ण बंद ठेवा. खरा पट मांडा, चाली तिच्या हाताने करू द्या. ‘तुला कोण पुढे वाटतं?’ आणि लगेच ‘कशावरून?’ एवढं विचारत राहा. तिचं उत्तर चुकलं तरी इंजिन उघडून दुरुस्त करू नका. डाव पुढे जाईल तसं तिचं तिलाच दिसेल. तुमचं उत्तर तिच्याहून वेगळं असेल तर दोघं मिळून तीच स्थिती एकमेकांविरुद्ध खेळून बघा. संगणकाशीच खेळायचं असेल तर माया नावाची इंजिनं आहेत. ती लाखो खऱ्या डावांवरून ‘या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल’ हे शिकलेली आहेत, ११०० पासून १९०० पर्यंतच्या पातळीची. ती माणसासारखं चुकतात. कमी ताकदीवर ठेवलेलं नेहमीचं इंजिन सहा चाली अफाट खेळून सातव्या चालीला उगाच हत्ती टाकून देतं. त्याच्याशी खेळून मुलांना चुकीची सवय लागते. लिचेसवर मायाशी फुकट खेळता येतं. तुम्हीही खेळून बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. डाव सुरू असताना इंजिन उघडायचं नाही. एका चालीला दिवस-दोन दिवस देणाऱ्या ऑनलाइन डावांतही नाही. पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत इंजिन चालतं, म्हणून काहींना वाटतं इथेही चालत असेल. लिचेस आणि चेस डॉट कॉमवर ते चालत नाही, खातं बंद होतं.

राहिला संगणक. १९९७ साली कास्पारोवला हरवणारं डीप ब्लू हे आयबीएमने खास बांधलेलं यंत्र होतं, सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारं. तुमच्या खिशातल्या फोनवरचं स्टॉकफिश त्याहून कितीतरी सरस खेळतं आणि आज जिवंत असलेल्या कुठल्याही माणसाला हरवतं. त्याहून ताकदवान काही घेऊन १३५० च्या डावांत तुम्हाला वेगळं काही दिसणार नाही. नवा संगणक घेऊ नका. त्याऐवजी डावांच्या टिपांसाठी एक जाड वही करा आणि रोजच्या दोन घाईच्या डावांच्या जागी आठवड्याला तीन सावकाश डाव खेळा, प्रत्येक चालीनंतर दहा सेकंद वाढवून मिळणारे. त्या डावांवरच्या टिपा महिनाभर जमल्या की त्यातला तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा एक डाव मला पाठवा. इंजिनचे आकडे न लावता पाठवा.